अनुपस्थित खांब : शेव्हरोलेट ‘बेल एअर’ (१९५५-१९५७) या मोटारीच्या रूपाची सौंदर्यशास्त्रीय चिकित्सा

सारांश

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकप्रिय झालेल्या ‘हार्डटॉप’ आणि ‘कन्व्हर्टिबल’ या मोटारप्रकारांपैकी शेव्हरोलेट कंपनीची ‘बेल एअर’ ही सर्वाधिक परिचित होय. प्रस्तुत लेखात १९५५ ते १९५७ या तीन वर्षांतील बेल एअरच्या रूपाचा विचार केला आहे. या मोटारीवरील समकालीन आक्षेप मुख्यतः तिच्या अलंकरणावर होते. तिच्या सौंदर्याचे मूळ मात्र अलंकरणात नसून दारांमधील खांब काढून टाकण्याच्या कृतीत आहे आणि तिचे मूल्यमापनही त्याच कृतीच्या आधारे व्हावयास हवे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : हार्डटॉप, कन्व्हर्टिबल, लय, परतंत्र सौंदर्य, संकेत.

१. प्रस्तावना

उपयुक्त वस्तू हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न मराठी समीक्षेत अपवादानेच चर्चिला गेला आहे. काव्य, नाटक, चित्र, शिल्प यांच्या बरोबरीने मोटारीचे नाव घेतले तर ते काहीसे विसंगत वाटण्याची शक्यता आहे. तथापि विसाव्या शतकातील सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर दररोज आलेली, हेतुपूर्वक घडवलेली आणि लाखोंच्या संख्येने निर्माण झालेली आकृती कोणती, असा विचार केल्यास मोटारीस टाळता येत नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात सिट्रोएन कंपनीच्या नव्या मोटारीवर स्वतंत्र लेख लिहून मध्ययुगीन कॅथेड्रलशी मोटारीची तुलना केली, ती याच जाणिवेतून.

शेव्हरोलेट हे नाव मुंबईस नवे नव्हते. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती थांबवली. त्यामुळे १९५५ नंतरची बेल एअर मुंबईच्या कारखान्यात जुळवली गेली नाही. ज्या मोटारीची येथे चर्चा करावयाची आहे ती पूर्णतः अमेरिकी परिस्थितीची निर्मिती आहे व तिचा विचार त्याच संदर्भात करणे उचित ठरते.

‘बेल एअर’ हे मूळ लॉस एंजेलिसमधील धनिकांच्या वस्तीचे नाव. शेव्हरोलेट हा जनरल मोटर्सच्या उतरंडीतील सर्वांत स्वस्त मोटारींचा विभाग होता, तर सर्वांत वर कॅडिलॅक होती. स्वस्त मोटारीस श्रीमंत वस्तीचे नाव देण्यात जी आकांक्षा व्यक्त होते तीच तिच्या रूपातही व्यक्त झालेली आहे. म्हणून नावापासूनच ही मोटार जे नाही ते असल्याचा आभास निर्माण करते, असे म्हणता येईल. हा आभास कलेतील मायेच्या जातीचा आहे की फसवणुकीच्या, हा या लेखापुढील मुख्य प्रश्न आहे.

२. हार्डटॉप : संज्ञा आणि रचना

मोटारीच्या बाजूकडे पाहिले असता छत सामान्यतः तीन आधारांवर उभे असलेले दिसते. समोरच्या काचेलगतचा पहिला खांब, पुढच्या दाराच्या मागे असलेला मधला खांब आणि मागच्या काचेलगतचा शेवटचा खांब. अशा बंद मोटारीस ‘सेदान’ म्हणतात. ‘कन्व्हर्टिबल’मध्ये स्थिर छत नसते. तेथे घडी घालता येणारा कापडी टप असतो. टप उतरवला आणि काचा खाली केल्या की प्रवासी पूर्णतः आकाशाखाली येतो.

‘हार्डटॉप’ हा या दोहोंच्या मधला प्रकार. त्याचे छत पोलादी व स्थिर असते, परंतु मधला खांब दाराच्या काचेच्या पातळीपर्यंतच येऊन थांबतो. दारांच्या काचांना चौकट नसते. चारही काचा खाली केल्या की पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एकच अखंड मोकळी जागा तयार होते. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक या आपल्या महागड्या मोटारींत हा प्रकार आणला. तो कन्व्हर्टिबलच्या सांगाड्यावरून विकसित झाला होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५० मध्ये, शेव्हरोलेटने आपली पहिली हार्डटॉप बाजारात आणली आणि तिलाच ‘बेल एअर’ हे नाव दिले. १९५३ पासून हे नाव शेव्हरोलेटच्या सर्वांत वरच्या श्रेणीस मिळाले व त्यात सेदान, हार्डटॉप, कन्व्हर्टिबल अशा सर्वांचा समावेश झाला.

या प्रकारास तत्कालीन व्यापारात ‘हार्डटॉप कन्व्हर्टिबल’ असेही म्हटले जाई. ही संज्ञा विचारात घेण्याजोगी आहे. ‘कन्व्हर्टिबल’ म्हणजे जिचे रूपांतर होऊ शकते ती. हार्डटॉपचे रूपांतर कशातच होत नाही. तिचे छत कधीच उघडत नाही. पावसात भिजण्याची भीती नको, कापडी टप फाटण्याची चिंता नको आणि तरीही उघड्या गाडीचा डौल हवा, या ग्राहकाच्या इच्छेस दिलेले हे उत्तर होते. १९५७ च्या बेल एअरचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. त्या वर्षी दोनदारी हार्डटॉप सुमारे १ लाख ६६ हजार, तर कन्व्हर्टिबल सुमारे ४७ हजार तयार झाल्या. खऱ्या मोकळेपणापेक्षा मोकळेपणाच्या रूपाला तिपटीहून अधिक ग्राहक होते.

याच वर्षी फोर्ड कंपनीने ‘स्कायलायनर’ ही मोटार आणली. तिचे पोलादी छत विजेच्या यंत्रणेने खरोखर उचलले जाऊन मागच्या डिकीत जाऊन बसे. हार्डटॉपने दिलेले वचन अक्षरशः पाळण्याचा हा प्रयत्न होता. यंत्रणा गुंतागुंतीची झाली, सामानाची जागा गेली, किंमत वाढली आणि १९५९ नंतर ती मोटार बंद झाली. वचन पाळण्याची किंमत किती, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

३. बेल एअरच्या रूपाचे विवेचन

१९५५ ची शेव्हरोलेट सर्वार्थाने नवी होती. मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली तिला २६५ घन इंचांचे आठ सिलिंडरांचे नवे इंजिन मिळाले. रूपाची जबाबदारी हार्ले अर्ल यांच्या आकृतिविभागाकडे होती. अर्ल यांनी १९२७ पासून जनरल मोटर्समध्ये मोटारीच्या रूपास स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळवून दिला आणि अमेरिकी मोटार अधिक लांब व अधिक ठेंगणी दिसावी हे आपले सूत्र आयुष्यभर जोपासले. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीनही वर्षांच्या गाड्यांचा मूळ सांगाडा एकच होता. बदलले ते समोरची जाळी, मडगार्ड, दिवे व बाजूच्या पट्ट्या.

बा. सी. मर्ढेकर यांचा ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा ग्रंथ बेल एअरच्या नव्या रूपाच्याच वर्षी, १९५५ मध्ये, प्रसिद्ध झाला. हा केवळ योगायोग होय. परंतु मर्ढेकरांनी मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे १९५७ च्या हार्डटॉपला लावून पाहिल्यास तिच्या रूपाची घडण स्पष्ट होते.

संवाद तिच्या आडव्या रेषांत आहे. पुढच्या दिव्यावरील टोपीपासून निघालेली कड दाराच्या काचेखालून वाहत जाते, मागच्या दाराच्या जागी किंचित खाली झुकते आणि पुन्हा उठून मागच्या मडगार्डवरील उभ्या पंखात संपते. बाजूच्या पत्र्यावर चकचकीत ॲल्युमिनियमची लांबट त्रिकोणी पट्टी आहे. तिचा आकार वरच्या पंखाच्याच आकाराचा प्रतिध्वनी आहे. बॉनेटवरील भाल्याच्या पात्यासारखे दोन अलंकार हीच दिशा पुढे नेतात. विरोध आहे तो भरीव आणि पोकळ यांच्यात. खाली जड, रंगीत, धातूने मढवलेले शरीर आणि वर काचांची रिकामी जागा. समतोल साधला आहे तो पुढचा रुंद बंपर व जाळी यांचा भार आणि मागच्या पंखांची उंची यांच्यामध्ये. गाडी उभी असतानाही पुढे झेपावत असल्यासारखी भासते.

या तीनही लयींना एकत्र बांधणारा घटक मात्र छत आहे. ते अधांतरी तरंगल्यासारखे दिसते. समोरची काच दोन्ही कडांना वळवून बाजूला आणलेली असल्यामुळे पुढचा खांबही नजरेतून दूर होतो. सेदानमध्ये हीच रेषा, हाच पंख, हीच पट्टी असूनही तो परिणाम होत नाही. मधला खांब रिकामी जागा दोन भागांत तोडतो, वाहणारी कड तेथे अडते आणि छत ‘उभे’ असलेले दिसते, तरंगत नाही. आकृतीचा हा परिणाम काहीही न जोडता, केवळ एक घटक वजा करून साधला आहे. रूपाच्या दृष्टीने ही असामान्य समजुतीची गोष्ट आहे व तिचे श्रेय नाकारता येणार नाही.

येथे एक वस्तुस्थिती नोंदवणे आवश्यक आहे. १९५७ च्या बेल एअरमध्ये सर्वाधिक संख्येने तयार झाली ती खांब असलेली चारदारी सेदानच. आज मात्र स्मरणात, चित्रात आणि संग्रहालयात बेल एअर म्हणून जी प्रतिमा उभी राहते ती प्रायः हार्डटॉपची किंवा कन्व्हर्टिबलची असते.

४. समकालीन टीकेची मर्यादा

या मोटारींवर त्यांच्याच काळात कठोर टीका झाली. विख्यात आकृतिकार रेमंड लोई यांनी १९५५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या मासिकातील लेखात अमेरिकी मोटारीला चाकांवरील ‘ज्यूकबॉक्स’ ठरवले. ज्यूकबॉक्स म्हणजे उपाहारगृहात नाणे टाकून गाणी वाजवण्याचे झगमगीत यंत्र. क्रोमचा अतिरेक, अनावश्यक वजन आणि सवंग चमक हा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. १९५८ मध्ये जॉन कीट्स (हे अमेरिकी लेखक, इंग्रजी कवी नव्हेत) यांनी ‘द इन्सोलंट चॅरिअट्स’ या उपरोधिक पुस्तकात याच मोटारींची खिल्ली उडवली.

याउलट इंग्लंडमधील समीक्षक रेनर बॅनहॅम यांनी १९५५ मध्येच ‘व्हेइकल्स ऑफ डिझायर’ या लेखात या मोटारींची बाजू घेतली. मोटार ही अल्पकाळ टिकणारी वस्तू आहे, तिला ग्रीक मंदिराच्या चिरंतनतेची कसोटी लावणे चुकीचे आहे, तिची चिन्हे लोकांच्या इच्छांची भाषा बोलतात, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. अभिजनांच्या अभिरुचीने लोकांच्या अभिरुचीला नाक मुरडू नये, ही त्यातील भूमिका आजही ग्राह्य वाटते. कॅडिलॅकपुरता मर्यादित असलेला डौल शेव्हरोलेटच्या किमतीत मिळणे, यात सामान्य माणसाच्या प्रतिष्ठेचा अंश निश्चितच होता.

तथापि या दोन्ही पक्षांत एक साम्य आहे. दोघेही मुख्यतः अलंकरणाविषयी बोलतात. पंख, क्रोम, रंग, चमक हेच निंदेचे आणि समर्थनाचे विषय आहेत. गाडीला जे जोडले होते ते सर्वांना दिसले. जे काढून टाकले होते ते वादाच्या केंद्रस्थानी आले नाही. याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे लोई यांच्याच कार्यालयातून आलेली १९५३ ची स्टुडबेकर ‘स्टारलायनर’. क्रोम अगदी मोजके, रेषा संयमित. आजही ती त्या दशकातील सुंदर मोटारींत गणली जाते. परंतु तीही हार्डटॉपच होती. अलंकार उतरवूनही मूळ प्रश्न तसाच राहतो, हे यावरून स्पष्ट होते.

५. परतंत्र सौंदर्य आणि संकेताचा प्रश्न

इमॅन्युएल कांट यांनी १७९० च्या आपल्या ग्रंथात स्वतंत्र आणि परतंत्र सौंदर्य असा भेद केला. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे कांटची ही चर्चा मराठी वाचकास परिचित आहे. फुलाचे सौंदर्य पाहताना ते फूल कशासाठी आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. वास्तू किंवा घोडा यांचे सौंदर्य मात्र ती वस्तू काय असावी या कल्पनेशी बांधलेले असते. मोटार निःसंशय दुसऱ्या वर्गात येते. ती माणसांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धडपणे नेण्यासाठी आहे. त्यामुळे मर्ढेकरांच्या लयतत्त्वांनी तिचे रूप उलगडते, पण तिचे मूल्यमापन तेथे पूर्ण होत नाही.

मधला खांब काय करतो? गाडी उलटल्यास छत खाली दबू नये म्हणून आधार देतो. बाजूने धडक बसल्यास प्रवासी आणि धडकणारी वस्तू यांच्यामध्ये उभा राहतो. पुढे खांद्यावरून येणारा सुरक्षापट्टा आला तेव्हा तो अडकवण्याची स्वाभाविक जागाही तोच खांब ठरला. खांब नसलेल्या गाड्यांत तो पट्टा छताला अडकवण्याची तडजोड करावी लागली. खांब काढल्याने काचांच्या सांध्यांतून वारा आणि पाणी येण्याचा उपद्रवही वाढतो. म्हणजे आकृतीतील वजाबाकीची किंमत प्रवाशाच्या शरीराने द्यावयाची होती.

यावर असा आक्षेप घेता येईल की, कन्व्हर्टिबलमध्ये तर छतच नसते. धोक्याच्या मापाने तीच अधिक दोषी ठरावयास हवी. हा आक्षेप महत्त्वाचा आहे व त्याच्या उत्तरातच हार्डटॉपचे खरे स्वरूप दडलेले आहे. कन्व्हर्टिबल आपली उणीव लपवत नाही. तिच्या सांगाड्याखाली जादा आडवे-तिडवे पोलाद घालून तो मजबूत केलेला असतो, कारण छताअभावी तो वाकेल हे निर्मात्यास ठाऊक असते. डोक्यावर कापड आहे हे बसणाऱ्यासही ठाऊक असते. हार्डटॉपच्या डोक्यावर पोलाद असते. ते पाहून आश्रय असल्याची खात्री वाटते, परंतु त्या पोलादाखालचा एक आधार काढून घेतलेला असतो. दोहोंतील भेद केवळ धोक्याच्या प्रमाणाचा नसून सांगण्या-न सांगण्याचा आहे.

कलेतही आभास असतो, मग हार्डटॉपलाच दोष का द्यावा, असाही प्रश्न संभवतो. रंगभूमीवरील राजा खोटा असतो, तरी तो लबाड ठरत नाही. कारण तो राजा नाही हे नट आणि प्रेक्षक दोघांनाही ठाऊक असते. नाट्यसंकेत उभयपक्षी मान्य असतो. हार्डटॉपच्या बाबतीत हा संकेत अर्धाच मान्य होता. छत उघडत नाही हे ग्राहकास माहीत होते. त्या आभासात तो सहभागी होता आणि तेवढ्यापुरता तो कलेतील आभासच होता. परंतु खांब नसण्याचा अर्थ काय, हे जाणण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. ते निर्मात्यापाशी होते. या दुसऱ्या अर्ध्या भागात माया संपते आणि फसवणूक सुरू होते.

६. मोकळेपणा कोणाचा?

हार्डटॉपने मोकळेपणाचे जे वचन दिले त्याची सामाजिक बाजूही दुर्लक्षिता येत नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. दिना शोर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून शेव्हरोलेटमध्ये बसून देश पाहण्याचे निमंत्रण घरोघरी पोहोचत होते. त्याच वर्षांत कृष्णवर्णीय प्रवाशांना वाटेत कोठे उतरता येईल, कोठे जेवण मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका विकत घ्यावी लागत होती. १९३६ मध्ये सुरू झालेली ही पुस्तिका १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिली. याच काळात, १९५५-५६ मध्ये, माँटगोमेरी येथील बसबहिष्कारात कृष्णवर्णीयांनी खाजगी मोटारींतून एकमेकांची ने-आण करून वर्णभेदी बससेवेला तोंड दिले. तेथे मोटार खऱ्या अर्थाने स्वातंत्र्याचे साधन झाली. त्यासाठी तिला खांब आहे की नाही, याने काही फरक पडत नव्हता.

७. उत्तरायुष्य

राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ मध्ये आले व मोटारउद्योगात आकृतिकाराचे वर्चस्व अभियंत्याच्या विवेकावर कशी मात करते, हा विषय सार्वजनिक चर्चेत आला. १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. १९७० च्या दशकात छताच्या मजबुतीविषयीचे नियम आणि आणखी कडक नियमांची चाहूल यांमुळे खांब परत आला. १९७८ च्या क्रायस्लरनंतर अमेरिकी बनावटीची खरी हार्डटॉप राहिली नाही.

२००९ मध्ये अमेरिकेतील एका विमासंस्थेने १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोलेट मालिबू यांची ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडक घडवून आणली. जुन्या गाडीची बसण्याची जागा पार चिरडली, नव्या गाडीची टिकून राहिली. ती बेल एअर खांब असलेली सेदान होती, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यामुळे या चाचणीवरून खांबाविषयी काही सिद्ध होत नाही. जड दिसणारी वस्तू भक्कम असतेच असे नाही, एवढे मात्र सिद्ध होते.

हवानाच्या रस्त्यांवर बेल एअरचे उत्तरायुष्य निराळ्याच रीतीने घडले. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबात अमेरिकी मोटारींची आयात थांबली व आधी आलेल्या गाड्या दुरुस्त करीत, इंजिने बदलीत दशकानुदशके चालवल्या गेल्या. पर्यटकांना उघडी गाडी आवडते म्हणून तेथील कारागिरांनी अनेक बंद गाड्यांची छते कापून त्यांना उघड्या गाड्या केले. उघडी असल्याचा आव आणणारी हार्डटॉप अशा रीतीने करवतीखाली खरोखर उघडी झाली. डेट्रॉइटच्या आकृतिकाराने जे सूचित केले ते हवानाच्या पत्रेकाम करणाऱ्याने पोटासाठी प्रत्यक्षात आणले.

८. समारोप

बेल एअरच्या हार्डटॉपचे रूप सुंदर आहे आणि ते सौंदर्य वरवरच्या झगमगाटाचे नाही. एका वजाबाकीतून ते सिद्ध झाले आहे. मात्र याच वजाबाकीत तिचा दोषही आहे. गुण आणि दोष वेगवेगळ्या जागी असते तर समीक्षकाचे काम सोपे झाले असते. येथे ते एकाच जागी आहेत. म्हणून केवळ स्मरणरंजनाने तिचे गुणगान करणे जितके अपुरे, तितकेच केवळ क्रोमवर बोट ठेवून तिला सवंग ठरवणेही अपुरे आहे.

उपयुक्त वस्तूंच्या समीक्षेसाठी यातून एक पद्धतीही सुचते. वस्तूवर काय चढवले आहे याबरोबरच तिच्यातून काय काढले आहे, ते काढल्याचे कोणास ठाऊक होते आणि त्याची किंमत कोणी दिली, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ज्या वस्तूत माणूस बसतो, राहतो किंवा झोपतो त्या प्रत्येक वस्तूला हे प्रश्न लागू होतात. बेल एअरच्या तरंगत्या छताकडे आनंदाने पाहावे, परंतु पाहताना नसलेल्या खांबाची जागा नजरेआड होऊ देऊ नये.